गणितात एम.एस्सी. केल्यावर खाडीवर संशोधन करता येईल का?

ऐरोलीकर: माझ्या मुलीने गणितात एम.एस्सी. केली असून तिला पर्यावरण आणि समाज या दोन्हींशी निगडित संशोधन करायचे आहे. घरच्यांच्या मते हे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. असे संशोधन खरोखर होते का?

कोपरीकर: होते, आणि ते नवेही नाही. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी घटल्यावर शिकारी माशांचे प्रमाण का वाढले, या प्रश्नावरून व्होल्टेरा या इटालियन गणितज्ञाने १९२६ मध्ये समीकरणे मांडली. आपल्या ठाणे खाडीतील चिंबोऱ्या मोजण्याचेच घ्या. समजा, ५० पकडून खूण करून सोडल्या आणि पुढे पकडलेल्या ४० पैकी ५, म्हणजे एक अष्टमांश, खुणेच्या निघाल्या, तर त्या ५० ही एकूण संख्येच्या एक अष्टमांश मानून एकूण संख्या सुमारे ४०० ठरते. मात्र मधल्या काळात आवक-जावक झालेली नसावी ही अट भरती-ओहोटीच्या पाण्यात पाळली जाणे कठीण, आणि खरे गणित तेथूनच सुरू होते.

वाशीकर: समाजाची बाजूही तितकीच भक्कम आहे. सामाईक संसाधने वापरणारे लोक स्वतः नियम करून ती टिकवू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दिवाळे कोळीवाड्यात जाळ्यात काय येते हे न विचारता केलेले गणिती प्रारूप (मॉडेल) मला तरी अपुरे वाटते.

ऐरोलीकर: मग मार्गदर्शक कोणत्या विषयाचा घ्यावा?

कोपरीकर: मुख्य मार्गदर्शक गणिताचा आणि सहमार्गदर्शक पर्यावरणाचा असावा, उलट केल्यास समीकरणांची तपासणी दुय्यम ठरू शकते.