गुळाचा केक मधे बसतोय, काय चुकतंय?

मंगळवारपेठवाली:
रविवारी सासूबाईंची साठी आहे, बाहेरचा क्रीमवाला नको घरातच कर म्हणाल्यात, म्हणून गव्हाचं पीठ, दही आणि गूळ घालून दोनदा करून बघितला, दोन्ही वेळा ओव्हनमधे मस्त फुगला आणि बाहेर काढला की मधे खड्डा. १८० वर ठेवलेला. पोरांनी खड्ड्यात दूध ओतून संपवला ते सोडा.

कुकरवाली काकू:
सोडा किती घालतीस? कपभर पिठाला पाव चमचा बास. दही आंबट, त्यात सोडा पडला की लगेच फसफसतंय, मग मिश्रण तसंच ठेवून फोनवर बोलत बसलीस तर सगळी हवा जाते. ओव्हन आधी तापव, मगच सोडा घाल. आणि गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घे गं, आपल्या गुऱ्हाळाच्या गुळात उसाची चिपाडं निघत्यात कधीकधी.

रंकाळ्यावरचा:
वहिनी, मधे दार उघडून बघताय काय? पहिली २५ मिनिटं हात लावायचा नाही. मग मधोमध सुरी घालून बघा, कोरडी आली तरच काढा.

मंगळवारपेठवाली:
चारदा उघडलेलं दार. 😅

मंगळवारपेठवाली:
झाला एकदाचा! धाकट्याला ओव्हनसमोर राखणीला बसवलेला. वर जरा तडकलाय पण खड्डा नाही. सासूबाईंनी पहिला तुकडा शेजारच्या काकूंकडं पाठवला, "सुनेनं केलाय" म्हणून सांगायला.