मदत हवी आहे: मेनूकार्डावर मासळीचे मूळ ठिकाण कसे लिहावे?

सप्रेम नमस्कार. नवापूरजवळ महामार्गावर आमचे घरचे हॉटेल असून शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरीबरोबर मासळीची थाळीही बरी चालते. मेनूकार्ड नव्याने छापायचे आहे, म्हणून हा धागा.

राहू-कटला उकाईचा, सुरमई आणि पापलेट गुजरातच्या किनाऱ्यावरून सुरतमार्गे बर्फात येणारे, तर बासा गोठवलेल्या पाकिटातला. आढत्याच्या बिलावर मात्र 'मासळी', वजन आणि रक्कम एवढेच असते. जुन्या कार्डावर 'मालवणची ताजी सुरमई' असे छापलेले आहे. वडिलांच्या मते गिऱ्हाईक त्या नावावरच बसते. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२६ पासून उपाहारगृहांना मासळी देशी, आयात की मिश्र हे 'ए', 'आय', 'एम' या अक्षरांनी दाखवणे बंधनकारक आहे. आपल्याकडे मला नेमके काय पाळावे लागेल? शिवाय उकाईचे धरण गुजरातेत, फुगवटा मात्र आपल्या तालुक्यात. मग तो मासा कुठला म्हणायचा?

प्रतिसाद:

अन्नसुरक्षेच्या २०२० च्या लेबलिंग व प्रदर्शन विनियमांनुसार मेनूवर उष्मांक दाखवण्याची अट केंद्रीय परवानाधारक किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांसाठी आहे. मासळीचे मूळ ठिकाण छापण्याची सक्ती तीत नाही. पण सक्ती नाही म्हणजे वाटेल ते छापावे असे नव्हे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येत सूचना, लेबल, पावती आणि 'इतर दस्तऐवज'ही येतात, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कलम ५३ खाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे वडिलांचा आग्रह असला तरी 'मालवणची' हा शब्द काढावा आणि मसाला तसा असेल तर 'मालवणी मसाल्यातील सुरमई' असे स्वच्छ लिहावे. 'ताजी' हा शब्दही गोठवलेल्या मालाला लावू नये.

आढत्याकडून प्रत्येक बिलावर माशाची जात आणि तो कोणत्या बंदरावरून आला हे लिहून घ्या. तो कुरकुरेल, पण कायमच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही. बासाचे पाकीट फोडले की त्याचे लेबल तारीख टाकून फाईलला लावा, कारण आयात माल असल्यास देशाचे नाव त्यावरच मिळते. उकाईच्या बाबतीत राज्याचे नाव घालायची गरज नाही, 'उकाई जलाशय' एवढे पुरे. मात्र एखाद्या दिवशी तो राहू तळ्यातून आला, तर ती ओळ कार्डावर राहता कामा नये. म्हणून मूळ ठिकाण छापील कार्डावर न घालता रोजच्या फळ्यावर लिहिणे सोयीचे पडेल.