भूल घेतलं तर 'डॉक्टरच्या जागे'चं काय करू?

तिट्ट्यावरची

आधीच सांगतो, मी मुलगी आहे, पण 'मी जातो, मी करतो' असंच लिहिणार. कोल्हापूरच्या बाहेरच्यांनी दचकू नये.

इंटर्नशिप संपून दोन महिने झाले. पीजीच्या (पदव्युत्तर) प्रवेश परीक्षेचा निकाल लागलाय आणि पुढच्या आठवड्यात राज्य कोट्याची पसंतीयादी भरायची आहे. रँक इथं लिहीत नाही. मेडिसिन, रेडिओ (म्हणजे रेडिओलॉजी, एक्स-रे-सीटी-सोनोग्राफीवालं), स्किन माझ्यापुरते संपले. पेडियाट्रिक्स अवघड. गायनॅक (स्त्रीरोग आणि बाळंतपण) काठावर आहे, लागलंच तर तिसऱ्या फेरीत आणि कुठंतरी लांब. अ‍ॅनेस्थेशिया, म्हणजे भूल, मात्र सरकारी कॉलेजात पहिल्या फेरीत मिळेल असं सीनियर म्हणतात. आणि मला तेच हवंय. म्हणजे हवंय असं वाटतंय. त्या 'वाटतंय'वरच गाडी अडकलीय.

घर मुदाळ तिट्ट्याजवळ. आबांचा अडीच एकर ऊस बिद्रीच्या साखर कारखान्याला जातो. त्यातल्या रस्त्याकडच्या तीन गुंठ्यांत त्यांनी गेली सहा वर्षं काही लावलेलं नाही. मला एमबीबीएसला प्रवेश मिळाला त्या वर्षी तो तुकडा मोकळा सोडला, तो सोडलाच. त्याला गावात 'डॉक्टरची जागा' म्हणतात. पाहुण्यांना पत्ता सांगतानासुद्धा "डॉक्टरच्या जागंपासनं डावीकडं वळा." तिथं आज फक्त काँग्रेस गवत आहे आणि आबांच्या डोक्यात एक पाटी आहे.

आता मला भूल का आवडलं ते सांगतो. जुलैतली गोष्ट. मी कॅज्युअल्टीला. राधानगरीकडचा सतरा वर्षांचा पोरगा आणला. रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखायला लागलं, घरच्यांनी ओवा दिला. अंगावर चावल्याची खूण नाही. आम्ही कागदावर 'पोटदुखी' लिहून मोकळे. भूलच्या मॅडम दुसऱ्याच पेशंटसाठी खाली आल्या होत्या. जाता जाता थांबल्या, त्याच्या पापण्यांकडं बघितल्या आणि म्हणाल्या, "बाळा, एका श्वासात आकडे मोज बघू." तो सातपर्यंत गेला आणि थांबला. मॅडम म्हणाल्या, "मण्यार. श्वासाच्या ट्यूबची तयारी करा, वाट बघू नका."

सर्पविषावरच्या लसीच्या दहा कुप्या गेल्या, चार दिवस व्हेंटिलेटर. पोरगं लाकडासारखं पडलेलं, डोळे मिटलेले. नातेवाईक त्याच्यासमोरच रडायचे. मॅडमनी सगळ्यांना बाहेर नेऊन सांगितलं की मण्यारीनं स्नायू जातात, शुद्ध जात नाही, त्याला सगळं ऐकू येतंय. रोज सकाळी त्या त्याच्या कानाशी वार, तारीख, बाहेर किती पाऊस आहे ते सांगायच्या. एक दिवस म्हणाल्या, "तुमच्या धरणाचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडले रे." पाचव्या दिवशी ट्यूब काढली. घसा बसलेला, तरी पहिलं वाक्य काय, तर "तिसरा उघाडला का?"

नंतर तो मेडिसिनच्या वॉर्डात गेला. डिस्चार्ज कार्डावर मेडिसिन युनिटचं नाव. पेढेही त्यांनाच. मॅडमना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला गोड चालत नाही," आणि पुढच्या केसला गेल्या.

हे सगळं आबांना सांगितलं. ते मन लावून ऐकले आणि मग म्हणाले, "म्हंजे तू झोपवणार, आन् कापणार दुसराच. मग पेशंट कुणाचा?"

मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही. गायनॅक घेतलं तर तिट्ट्यावर प्रसूतिगृह होईल, पाटी लागेल, सगळे खूश. पण लेबर रूमची पोस्टिंग मी घड्याळाकडं बघत काढलीय. मावशीला तर वेगळीच काळजी, स्थळाला 'भूल देते' असं सांगायचं कसं. ते सोडा. बाकीच्यांनी मनापासून सांगा, काय करू?

एक वर्ष अजून

ड्रॉप घे. आयुष्यभराचा प्रश्न आहे, एक वर्ष काही नाही. नीट अभ्यास केलास तर रेडिओ मिळेल. पेशंटची कटकट नाही, रात्रीचे फोन नाहीत, पैसा भरपूर. मी स्वतः दुसरा ड्रॉप घेतोय.

तिट्ट्यावरची

रेडिओ मला नकोय हो. आणि बंधपत्राचं वर्ष, म्हणजे एक वर्ष सरकारी नोकरी, पण डोक्यावर आहेच. नाही केलं तर दहा लाख दंड. अडीच एकरातनं दहा लाख कसे निघतात ते आबांना विचारायची माझ्यात हिंमत नाही.

काळी फिल्म

रेडिओवाला बोलतोय, कोल्हापुरातलाच. वर जे लिहिलंय त्यातलं पैशाचं अर्धं खरं, बाकी सगळं चूक. रात्रीचे फोन येतात. अपघाताचा सीटी सकाळी बघतो म्हणून चालत नाही.

शिवाय आपल्या जिल्ह्यात सोनोग्राफीचं मशीन घेऊन बसायचं म्हणजे काय ते आधी समजून घ्या. २००१ च्या जनगणनेत इथं शून्य ते सहा वयात हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. मशीनमध्ये प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारा 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवायचा प्रयोग याच जिल्ह्यात झाला, तो उगाच नाही. गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यानं प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म भरायचा. त्यात एक रकाना चुकला तरी तुम्ही गुन्हेगाराच्या रांगेत. मी त्या कायद्याच्या विरोधात नाही, आमच्याच लोकांनी ही वेळ आणली. पण 'कटकट नाही' म्हणून कुणी येणार असेल तर येऊ नये.

तिट्ट्यावरची, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर नाही. फक्त एवढंच की मी रेडिओ रँक आली म्हणून घेतलं. आवडायला चार वर्षं लागली.

बॅगवाला

पोरी, मी एकोणीस वर्षं कोल्हापुरात भूल देतोय. स्वतःचा दवाखाना नाही, पाटी नाही, स्कूटरच्या पुढ्यात एक बॅग. त्यात लॅरिंगोस्कोप (घशात बघून ट्यूब घालायचं हत्यार), माझ्या पसंतीच्या ट्यूब, स्पायनलच्या (पाठीच्या कण्यातनं द्यायच्या भुलीच्या) सुया, थोडी औषधं आणि शेंगदाण्याचा लाडू. सकाळी साडेसातला राजारामपुरीत हर्निया, मग शाहूपुरीत दोन सिझेरियन, दुपारी कधी जयसिंगपूर, कधी इचलकरंजी. जेवणाची वेळ सर्जन ठरवतो.

वाईट आधी सांगतो. पैसे पेशंट देत नाही, सर्जन देतो, आणि तीन-तीन महिन्यांनी देतो. मागायला गेलं की चहा पाजतो. केस बिघडली तर पहिलं बोट आपल्याकडं. चांगली झाली तर नातेवाईक आपल्याला वॉर्डबॉय समजून विचारतात, "डॉक्टर कुठं गेले?" सोळा ऑक्टोबरला जागतिक भूल दिन असतो, १८४६ साली बोस्टनला मॉर्टननं ईथर दिलं तो दिवस. त्या दिवशी आम्हाला शुभेच्छा कोण देतं? आम्हीच एकमेकांना.

एका दवाखान्यात (नाव सोड) मी जायचं बंद केलं. पेशंट टेबलावर आल्यावर मला पहिल्यांदा दिसायचा. आदल्या दिवशी तपासणी नाही, उपाशी आहे का ते पण धड सांगता येत नव्हतं, आणि कॅप्नोग्राफ 'दुरुस्तीला गेलाय' हे दोन वर्षं ऐकत होतो. ट्यूब श्वासनलिकेत आहे की अन्ननलिकेत हे ज्या यंत्रावर दिसतं तेच नसेल तर मी कशाच्या भरवशावर उभा राहू? सोडलं. महिन्याला आठ-दहा केस गेल्या. घरी बायको बोलली. पण सोडलं. नाही म्हणायला जमणार नसेल तर या धंद्यात येऊ नकोस, हे मी तुला गंभीरपणे सांगतोय.

आता आबांचा प्रश्न. पेशंट कुणाचा. सिझेरियनला स्पायनल दिलं की दोन-तीन मिनिटांत बाईचे पाय जड होतात, आणि त्याच वेळी कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात. बीपी खाली येतं. शंभरचं ऐंशी, ऐंशीचं सत्तर. बाई म्हणते, "डॉक्टर, मळमळतंय, कसंतरी होतंय." पडद्याच्या पलीकडं सर्जन चामडी कापत असतो, त्याला यातलं काही दिसत नाही, दिसायची गरजही नाही. मी उजव्या कुशीखाली उशी सरकवतो, सलाइन सोडतो, बीपी वर आणणाऱ्या मेफेन्टरमिनचे सहा मिलिग्रॅम देतो आणि तिला विचारतो, "माहेर कुठलं?" ती म्हणते कळे, नाहीतर बाजारभोगाव. तिकडच्या भाताच्या गोष्टी निघतात. तेवढ्यात बीपी वर येतं आणि पोर रडतं. ती दहा मिनिटं ती बाई कुणाची होती, ते तुझ्या आबांनीच ठरवावं.

२०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. आत शहरात भूलवाले किती अडकलेत याची दवाखान्यांनी फोनवर मोजणी केली होती. सर्जन किती आहेत ते कुणी मोजलं नाही. त्या आठवड्यात मी एका ठिकाणी ट्रॅक्टरमधनं गेलो, बॅग डोक्यावर. त्या दवाखान्याचे पैसे मात्र दुसऱ्या दिवशी मिळाले.

आणि एक हिशेबाचं. प्रसूतिगृह काढायचं म्हणजे आज बँकेच्या दारात जायचं. नर्सिंग होमची नोंदणी, जैववैद्यकीय कचरा, आगीचा दाखला, रात्रीच्या सिस्टर. तीन गुंठ्यांत इमारत बसेल, गाड्या कुठं लावशील? मी पहिल्या महिन्यात कमवायला लागलो ते एका बॅगेवर. पुढं वाटलं तर आयसीयू आहे, पेन क्लिनिक आहे. पेन क्लिनिकला पाटी लागते बरं का!

पेठेतली

बाकी सगळं ठीक, पण मॅडम "बघितल्या" आणि आबा "ऐकले" वाचून पुण्यात आमची शुद्ध हरपली. स्पायनल न देता.

तिट्ट्यावरची

@पेठेतली, तुमच्यासारख्यांसाठीच भूल शिकायलोय.

आजऱ्याचा एमओ (मेडिकल ऑफिसर)

उशिरा लिहितोय, ओपीडी होती. मी पीजी केलेलं नाही. बंधपत्राला प्राथमिक आरोग्य केंद्रात आलो आणि राहिलो. आरोग्य केंद्रात राहिलं म्हणजे काहीच नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम बघावं. कोकणातल्या आरोग्य केंद्रात विंचवाचे पेशंट बघता बघता प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा विंचूदंशावरचा उपयोग त्यांनी जगासमोर आणला. २०२२ ला पद्मश्री मिळाली. आमच्याकडं विंचू कमी, साप जास्त, पण तो विषय लांबेल.

तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. आमच्याकडं नॉर्मल बाळंतपणं होतात. अडलं की जवळच्या रुग्णालयात पाठवतो. तिथं गायनॅकवाले आहेत, थिएटर आहे, टेबल आहे, दिवा आहे. तरी निम्म्या वेळा बाईला १०८ मध्ये घालून कोल्हापूरला थोरल्या दवाखान्यात धाडायला लागतं, दोन तासांचा रस्ता, पावसात त्याहून जास्त. पाठवताना चिठ्ठीवर कारण लिहावं लागतं. बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच ओळ असते: 'भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही.' गेल्या महिन्यात मीच अशा तीन चिठ्ठ्या बघितल्या. एका बाईचं बाळंतपण वाटेतच गाडीत झालं. दोघं सुखरूप आहेत, पण त्यात आमचं कर्तृत्व काही नाही.

मुदाळ तिट्ट्यावरनं गारगोटीला जाता येतं, राधानगरीला, निपाणीला. तुम्ही कुठं बसताय ते नकाशात बघा एकदा.

तिट्ट्यावरची

सगळ्यांना थँक्यू. चार दिवस लिहिलो नाही कारण घरी होतो, ऊसतोड सुरू आहे.

बॅगवाला सरांचं सगळं आबांना वाचून दाखवलं. ट्रॅक्टरवर हसले. पैशाचं ऐकून म्हणाले, "कारखान्यावानीच हाय की, बिल मागनं." मग आजऱ्याच्या सरांचं वाचलं. चिठ्ठीची ओळ आली तेव्हा त्यांनी परत वाचायला लावलं.

"असं कागदावर लिहित्यात?"

"व्हय."

"म्हंजे बाकी समदी हाईत, आन् ह्यो एकच न्हाई म्हणून धाडत्यात?"

"व्हय."

पुढं काही बोलले नाहीत. जेवले, झोपले. आईनं मला खुणेनं गप्प बसवलं.

काल सकाळी बघतो तर डॉक्टरच्या जागेतलं गवत काढलेलं आणि पाणी सोडलेलं. मी विचारलं हे काय. म्हणाले, वाफसा आला की हरभरा टाकतो, सहा वर्षं जमीन निजलीय. म्हटलं, आणि पाटी? तर म्हणाले, "हरभऱ्याला पाटी लागत न्हाई."

रागावलेत का ते मला अजून कळलेलं नाही. आई म्हणते नाहीत. पण काल संध्याकाळी शेजारच्या काकांना सांगत होते, "आमची ती सापाच्या पोराला वाचवल्याली मॅडम हाय न्हवं, तसलं शिकणार हाय." मॅडमना ते कधी भेटलेले नाहीत.

आता फक्त तांत्रिक प्रश्न. यादीत अ‍ॅनेस्थेशियाची सरकारी कॉलेजं वर टाकतो. गायनॅक खाली ठेवू का, सुरक्षित म्हणून?

बॅगवाला

सुरक्षित कसलं? जी जागा मिळाली तर घेणार नाहीस ती यादीत टाकायचीच नाही. मिळते का नाही याचा अंदाज बांधून क्रम लावू नकोस, हवं त्या क्रमानं लाव. वरचं मिळत असेल तर खालचं आपोआप सुटतं. पण वरचं हुकलं आणि गायनॅक लागलं, तर तीन वर्षं घड्याळ बघशील.

कॉलेज निवडताना तिथल्या आयसीयूत भूलवाल्यांचं किती चालतं ते सीनियरना विचार. हॉस्टेलचं पण विचार. आणि यादी लॉक करायची शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस, त्या दिवशी साइट रडते.