प्रीमियम कॉटनच्या गडद निळ्या कापडावर पांढरे ठिपके, चूक नक्की कुठे झाली?

कुडाळची_शिवणवाली
नमस्कार मंडळी, आम्ही पाच बायका मिळून कुडाळला कुर्ते शिवतो, मालवण-तारकर्लीला येणाऱ्या पर्यटकांना विकतो. यंदा 'प्रीमियम लांब धाग्याचं कॉटन' म्हणून जादा भाव देऊन गडद निळं कापड घेतलं, हाताला मऊ लागलं म्हणून ४० मीटर एकदम उचललं आणि १२ कुर्ते शिवून झाल्यावर उजेडात बघते तर सगळीकडे बारीक पांढरे ठिपके, रवा सांडल्यासारखे. धुतले, घासले, जात नाहीत. व्यापारी म्हणतो कापूस ए ग्रेडच आहे. हे ग्रेड ठरवतात तरी कशावरून? आणि पुढच्या वेळी दुकानात मी काय विचारू? गिऱ्हाईकाला असला माल द्यायला मन धजत नाही.

लालबाग_ते_गुहागर
ताई, माझे आजोबा लालबागच्या गिरणीत कापूस पारखायच्या कामाला होते. कापसाच्या गाठीतून (दाबून बांधलेल्या गठ्ठ्यातून) चिमूटभर रुई काढायची, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायची, जुळवायची, परत ओढायची, तंतू सरळ झाले की काळ्या कापडावर ठेवून लांबी सांगायची. गावी आल्यावर उशीतल्या कापसावर मला करून दाखवायचे. आता हेच काम एचव्हीआय मशीन करतं: लांबी, ताकद, एकसारखेपणा, मायक्रोनेअर (तंतू किती तलम आणि किती पिकलेला ते सांगणारा आकडा), रंग, कचरा. आपल्याकडे साडेसत्तावीस ते ३२ मिलिमीटर म्हणजे लांब धागा, साडेबत्तीसपासून पुढे अतिलांब, सुविन नावाचा वाण त्यातलाच. पण लांबी चांगली म्हणजे सगळं चांगलं असं नाही, तुमचे ठिपके लांबीमुळे आलेले नाहीत.

जिनिंगवाला_चिपळूण
बरोबर बोलले. मी नऊ सीझन यवतमाळकडे जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, काढलेत, आता चिपळूणला असतो. ताई, ठिपके गोल दाण्यासारखे आहेत की लांबट धाग्यासारखे ते आधी बघा.

दाणा असेल तर कच्चा कापूस. बोंड पुरतं पिकायच्या आत वेचलं किंवा किडीने खाल्लं की तंतूची भिंत जाड होत नाही, तो चपटा राहतो, गुंता होऊन गाठ पडते आणि रंग नीट धरत नाही. फिक्या कापडात हे दिसतच नाही, गडद रंगात लगेच उघडं पडतं. म्हणून मायक्रोनेअर विचारायचं. साध्या लांब धाग्यात साडेतीनच्या खाली गेलं की मला शंका येते, सुविनची गोष्ट वेगळी, तो मुळातच तलम त्यामुळे त्याचा आकडा कमीच येतो. फरदडीचा (हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेल्या झाडांचा) आणि कवडी (किडका, नीट न फुटलेल्या बोंडांचा) कापूस पहिल्या वेचणीच्या चांगल्या मालात मिसळला की गाठीची सरासरी ठीक दिसते पण कापड फसवतं!

लांबट असेल तर प्लास्टिक. कापूस खताच्या गोणीत भरतात, तिचे धागे सुटून रुईत जातात, त्याला रंग चढतच नाही. आणि एचव्हीआय हे पकडत नाही, ते वेचणाऱ्या बाईच्या हातात आणि जिनिंगच्या आवारात निवडणाऱ्यांच्या नजरेतच पकडलं जातं. त्या बायकांना किलोवर मजुरी मिळते, स्वच्छ वेचलं म्हणून चार पैसे जास्त कोणी देत नाही, मग त्या निवडत कशाला बसतील? मला तर खरी ग्रेडिंग तिथेच होते असं वाटतं.

सुईने एक ठिपका उपटून चिमट्यात धरून जाळा. कापूस जळला तर कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख, प्लास्टिक असेल तर वितळून कडक मणी होतो.

कुडाळची_शिवणवाली
दादा, रात्री सगळ्याजणी बसून केलं. अकरा ठिपके उपटले, नऊंची राख झाली, दोन वितळले, मणी नखाने फुटत नाही. म्हणजे दोन्ही दोष एकाच थानात!

लालबाग_ते_गुहागर
व्यापाऱ्याला ते मणी दाखवा. आणि मोठा लॉट घ्यायचा असेल तर मुंबईत माटुंग्याला सिरकॉट आहे, कापूस संशोधनाची १९२४ पासूनची सरकारी संस्था, तिथे धागा-कापड तपासून देतात.

कुडाळची_शिवणवाली
मणी कागदात बांधून ठेवलेत. आता आधी एक मीटरच घेणार, धुऊन खळ्यात उन्हात धरून बघणार, मगच कात्री लावणार. त्या १२ कुर्त्यांना ठिपके झाकतील असं भरतकाम करावं का, की सरळ कमी भावात कारण सांगून विकावे?

जिनिंगवाला_चिपळूण
कारण सांगून विका ताई.