नोराच्या हाती व्यवहार होता, तरी ती पराधीन कशी?

प्रश्न
नमस्कार. नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाऊस’ (१८७९) या नाटकाची चर्चा बहुधा नायिका नोरा नवऱ्याचे, हेल्मरचे घर सोडून जाते त्या शेवटच्या प्रवेशाभोवतीच फिरते, पण मला पहिली पाने अधिक अस्वस्थ करतात. नाताळचे झाड आणणाऱ्या हमालाची मजुरी ५० ओरे, म्हणजे अर्धा क्रोन होते. नोरा त्याच्या हातावर अख्खा क्रोन ठेवते आणि उरलेले पैसे परत घेत नाही. थोड्याच वेळात नवऱ्याने दिलेल्या नोटा ती ‘दहा, वीस, तीस, चाळीस’ अशा मोजून घेते. हेल्मर तिला उधळी ठरवतो. प्रत्यक्षात त्याचा जीव वाचावा म्हणून इटलीच्या प्रवासासाठी हिनेच ४,८०० क्रोनांचे कर्ज काढलेले असते आणि त्याचे हप्तेही तीच गुपचूप फेडत असते. इतका व्यवहार कळणारी स्त्री पराधीन का राहते?

प्रतिसाद १
मुळाशी कायदा आहे. पतीच्या संमतीवाचून पत्नीला कर्ज काढता येत नाही, हे नोराची जुनी मैत्रीण लिंडेबाई पहिल्याच अंकात बोलून दाखवतात. म्हणूनच वडिलांना जामीन दाखवण्याची वेळ नोरावर येते, आणि २९ सप्टेंबरला वारलेल्या वडिलांच्या सहीखाली २ ऑक्टोबर ही तारीख पडल्याने कर्ज देणाऱ्या क्रोगस्टाडला ती सही खोटी असल्याचे उमगते. विवाहित स्त्रीला स्वतःच्या कमाईवर हक्क देणारा कायदा नॉर्वेत १८८८ साली झाला. त्यापूर्वी, १८८४ मध्ये, अशा हक्काची मागणी करणाऱ्या अर्जावर इब्सेनने सही केली होती, हेही ध्यानात घ्यावे.

प्रतिसाद २
वरील मुद्दा मान्य आहे, परंतु कायदा बदलला असता तरी नोराने हे कर्ज लपवलेच असते, असे मला वाटते. आपण बायकोचे देणे लागतो हे हेल्मरच्या पुरुषी अभिमानाला सोसणार नाही, असे ती स्वतःच सांगते. कपड्यांसाठी मिळणाऱ्या पैशांतून ती निम्मे बाजूला काढते. आदल्या हिवाळ्यात दार लावून रात्री उशिरापर्यंत कागदपत्रांच्या नकला उतरवण्याचे काम करते आणि आपण जणू पुरुषच आहोत असे तेव्हा वाटे, हे मोठ्या आनंदाने सांगते. कष्टाच्या कमाईचा हा अभिमान तिला घरात मात्र उघड करता येत नाही. स्वतंत्र म्हणून लिंडेबाईंचे उदाहरण दिले जाते. पण त्यांनाही बँकेतली नोकरी मिळते ती नोराने बँकेचा व्यवस्थापक झालेल्या हेल्मरपाशी शब्द टाकल्यामुळे.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. लिंडेबाईंच्या नोकरीचा असा विचार मी केला नव्हता. यावरून क्रोगस्टाडकडून कर्जरोखा परत येतो तो प्रसंग मला निराळा दिसू लागला. हेल्मर ‘मी वाचलो’ म्हणतो आणि रोखा शेगडीत टाकतो. त्याच्या दृष्टीने तो बेअब्रूचा पुरावा असतो; नोराने काटकसरीने आणि मेहनतीने पेललेली जबाबदारी त्यात त्याला दिसतच नाही. त्यानंतर त्याने देऊ केलेली मदत, परक्याकडून मी काही घेत नाही, असे सांगून ती नाकारते, ते मला म्हणूनच पूर्णपणे पटते.