अग्वादितो: जीव कोथिंबिरीत

पेरू देशातल्या अग्वादितोसाठी, म्हणजे त्या हिरव्या चिकन सूपसाठी, 'आही आमारियो' ही तिकडची पिवळसर तिखट मिरची लागते. ती मिळत नसेल, तर पिवळी ढोबळी मिरची भाजून, सोलून, एका तिखट मिरचीबरोबर वाटा, काम भागतं. पण खरा जीव कोथिंबिरीत आहे. मोठी जुडी कोवळ्या देठांसकट गंधासारखी बारीक वाटायची आणि कांदा, लसूण, मिरचीबरोबर कच्चा वास जाईपर्यंत परतायची. घाई अजिबात नको. मग हाडांसकट चिकन, पाणी, बटाटा, कणसाचे तुकडे, तांदूळ, मटार शेवटी. तिकडे रात्रभराच्या समारंभानंतर पाहुण्यांना पहाटे हेच वाढतात, वरून लिंबू पिळून. तांदूळ मूठभरच हं, नाहीतर मुरल्यावर खिचडी होते. तरी आळलंच, तर गरम पाणी घालून सारखं करा.