ज्येष्ठ नागरिक संघाच्या पैशातून चरबी मोजायचं यंत्र घ्यावं का?

घोडबंदरकर:
आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाकडे फराळ विक्रीतून थोडे पैसे उरलेत. ठराव असा आलाय की अंगातली चरबी दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यायचा आणि दर महिन्याला सगळ्यांची नोंद करायची. माझा विरोध आहे.

हा काटा चरबी मोजतच नाही. तळपायातून बारीकसा करंट सोडतो, त्याला किती अडथळा होतो ते बघतो आणि बाकी सगळं वय, उंची घालून सूत्रानं काढतो. करंट पाण्यातून सहज जातो, चरबीतून अडखळत. आता बीपीसाठी लघवीची गोळी घेणाऱ्या, संध्याकाळी पाय सुजणाऱ्या माणसाच्या अंगातल्या पाण्याचा काय भरवसा? त्यात पेसमेकरवाल्यांनी त्यावर उभं राहायचंच नसतं. आमच्या संघात असे आहेत, त्यांचं काय?

तलावपाळी:
मग साधा वजनकाटा तरी काय सांगतो? पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांची गोष्ट आठवा. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो छापून आला. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, दोघांचा २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! वरून किरकोळ, आतून चरबी, हा आपला घरचा मामला आहे. म्हातारपणी तर स्नायू झडतात, त्यांची जागा चरबी घेते आणि वजन तेवढंच राहतं. ‘चाळीस वर्षांत वजन वाढलं नाही’ म्हणून मिरवणारे काका मला रोज भेटतात.

घोडबंदरकर:
ती मोजणी डेक्सावर झाली होती हो. हाडांची घनता बघतात तेच मशीन, दोन वेगवेगळ्या शक्तीचे एक्सरे. त्याची बरोबरी हा काटा करणार?

उपवनची सून:
आमच्या सासऱ्यांना तळ्याकाठच्या एका फुकट शिबिरात ‘३४ टक्के’ असा कागद मिळाला. सोबत पावडरचा डबा (तो फुकट नव्हता). त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. वजन उतरलं, खूश झाले. आता जिना चढताना कठड्याला धरतात. या वयात उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, हे त्या कागदावर कुठे लिहिलं होतं?

तलावपाळी:
ताई, तो दोष पावडर विकणाऱ्याचा, यंत्राचा नाही. एकच काटा, सकाळी उपाशीपोटी, दर वेळी त्याच वेळेला, एवढं पाळलं तर आकडा चुकीचा का असेना, कल तर कळेल.

घोडबंदरकर:
मधल्या काळात डॉक्टरांनी गोळी बदलली तर? कल गोळीचा दिसेल.

वाशीची फिजिओ:
बीएमआयचा आणखी एक घोळ. वयानुसार मणके दबतात, पाठ वाकते. १६५ सेंटीमीटरचा ६० किलोचा माणूस १६० चा झाला की बीएमआय २२ वरून २३.४ वर. म्हणजे एक ग्रॅमही न वाढता आपल्याकडची जादा वजनाची २३ ची रेषा ओलांडली! चिमट्यानं कातडीची घडी मोजणंही उतारवयात फसतं. कातडी सैल पडलेली असते आणि चरबी पोटाच्या आत सरकलेली.

माझं मत विचाराल तर शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर डॉक्टरांना दाखवा. उरलेल्या पैशात मुठीची पकड मोजायचं यंत्र आणा. आशियाई निकषांप्रमाणे पुरुषांची पकड २८ किलोच्या आणि बायकांची १८ किलोच्या खाली गेली की स्नायू कमकुवत. आणि हात छातीवर घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठबस करून घ्या. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पोटापेक्षा मांड्यांची काळजी आधी.

तलावपाळी:
म्हणजे चरबी मोजायचीच नाही?

वाशीची फिजिओ:
मोजा की. ज्याला खरंच गरज आहे त्याची डॉक्टर डेक्सावर करून घेतील. सरसकट पन्नास जणांना काट्यावर चढवून काय मिळणार?

सी विंग:
यंत्र घ्या, टेप घ्या, काहीही घ्या. पण गेल्या वर्षी शुगरचे आकडे नोटीस बोर्डवर लागले होते. तसं होणार असेल तर आमच्या विंगचा विरोध आत्ताच लिहून घ्या.